घरून धुऊन नेलेले पाय

माय, सातवीत शाळा सोडली तेव्हा तू म्हणाली होती, "लिहिणं तरी सोडू नको रे." तेही सोडलंच होतं. आज बसलो.

तो गुरुवार डोक्यातून जात नाही. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, अन् त्या वर्षी त्या बारा जणांत तू होती. धंतोलीच्या दवाखान्यातली आयाची ड्युटी करून तू घरी आली अन् सरळ मोरीत बसली. बादली, साबण, कपड्याचा ब्रश, टाचा घासायचा दगड. अर्धा तास तेच. मी ओरडलो, "तिथं फादर धुणारच आहेत, मग घरी काहून धुऊन राहिली वं?" तू म्हणाली, "असे मळके पाय देऊ काय त्यांच्या हातात? सगळेच घरून धुऊन येतात, येड्या!" चर्चमध्ये पायावर पाणी पडलं तशी तू लहान पोरीसारखी लाजली. परत येताना म्हणाली, "मी ज्यांचं अंग पुसते त्यांना कसं वाटत असन, ते आज समजलं." अन् गुणगुणत चालायला लागली. बारा तास उभी राहिलेली बाई गुणगुणते कशी, मले तेव्हा रागच यायचा. वाटायचं, परक्यांची सेवा करून हिले एवढं काय भेटते?

पुढच्या वर्षी तू आजारी. पाय सुजलेले, वाकता येत नव्हतं. त्याच गुरुवारी बादलीकडे पाहत तू म्हणाली, "आज माझे पाय धुऊन देतं काय रे बाबू?" मी चप्पल घालून राहिलो होतो. म्हटलं, "आया तू आहेस, मी नाही." तू रागावली नाही. "जा, उशीर होईन तुले," एवढंच म्हणाली. त्याच महिन्यात मी तिरुपूरले बनियनच्या कारखान्यात आलो. तू गेल्याचा फोन आला, मी निघालो, पोचलो तेव्हा तुझी पेटी बंद झाली होती.

आता खोलीवर एक बिहारचे काका आहेत, इस्त्रीवाले. मी संत्र्याच्या मुलखातला, तर पहिल्या दिवसापासून मले "ए संतरे!" म्हणून चिडवणारे. त्यांना लकवा मारला. खोलीतले बाकीचे दोघं पोरं वास येते म्हणून दुसरीकडे गेले. मी राहिलो. काहून, माहीत नाही. टबात पाणी घेऊन बसलो तर काका पाय मागं ओढतात, "रहने दे बेटा, गंदे हैं." मी म्हटलं, "इसीलिए तो धो रहा हूँ, काका." आता रोज धुतो. परवा कामावर जाताना ध्यानात आलं, मी गुणगुणून राहिलो होतो. तुझंच गाणं. तुले काय भेटत होतं ते मले भेटलं, माय, अन् मी रस्त्यातच खाली बसून रडलो. ते तुझ्याच घरात, एका बादलीत होतं.

हा कागद तुझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतो. अजून कुठं टाकू? एक सांगायचं राहिलं. काकांच्या टाचेची एकेक भेग मले पाठ आहे. तुझे पाय आठवायले बसतो तर दगड दिसते, ब्रश दिसते, बादली दिसते. पाय दिसत नाहीत. मी ते कधी पाहिलेच नाहीत वं.