तुझ्या खोलीला सिमेंट लावलं, सुधाकर

प्रिय सुधाकर,

गेलेल्यांना पत्रं लिहिणाऱ्यांतली मी नव्हे. पण इथे तुझं नाव काढलं की सगळे डोळे पुसतात. भांडायला माणूसच उरलं नाही. म्हणून लिहिते.

तुझ्या पोरांनी तुझ्या खोलीला सिमेंट लावलं!

हो, आपल्याच शाळेत. वर्षश्राद्धाच्या सामानासाठी मी बीडला गेले, तेवढ्यात गिलावा उरकला. त्या पोरांतला निलेश छाती फुगवून सांगतो, "ताई, सरांची खोली आता कायमची राहती बघा." कायमची! हा शब्द तू कधी शिकवला होतास?

आठवतं? पाटोद्याजवळच्या माझ्या माळावर नुसतं पत्र्याचं शेड होतं. मान्यता नाही, डिग्री नाही. तू पुण्याचं ऑफिस सोडून आर्किटेक्चर शिकवायला आलास आणि पहिलं वर्षभर मुलांच्या हाती कागदच दिला नाहीस. तुकडीने मातीची खोली बांधायची, तिच्यातच राहायचं, वर्ष संपलं की पाडायची. तीच माती पुढच्या तुकडीला. "आपल्या चुकांत झोपल्याशिवाय घर कळत नाही," म्हणायचास. मी तुला वेडा म्हटलं आणि जमीन दिली.

सूट फक्त एका खोलीला. तुझ्या! कधीही विचारलं की, "पुढच्या वर्षी पाडू, ताई." असा कसा रे तू?

आता सिमेंट लावलं आणि मग अवकाळी पाऊस झोडपून गेला. वरच्या मातीच्या माळवदातली ओल भिंतीत उतरली. बाहेरून सिमेंट, ती वाळणार कशी? भिंत फुगली. पोरं भेगाही सिमेंटनेच बुजवतायत. हेच शिकवलं का आपण?

काल पहिल्या वर्षाची वैशाली कमरेवर हात ठेवून उभी. "सरांची पक्की केली, मग आमचीच कावून पाडायची? आमी न्हाई पाडणार." तुकडी तिच्यामागे. कुदळी तशाच पडल्यात. नवी मुलं येऊ घातलीत आणि त्यांना द्यायला माती नाही. मान्यता नसलेल्या आपल्या शाळेकडे या एका रिवाजाशिवाय आहे काय, सांग!

पोरगी उद्धट आहे. पण बरोबर बोलली.

निलेश रडेल. रडू दे. दुपारी तू टेकायचास तो खिडकीजवळचा ओटा मी सगळ्यात शेवटी पाडायला घेईन. तेवढी सूट मला.

उद्या सकाळी तुझ्या भिंतीवर पहिली कुदळ माझी. सिमेंट खरवडून फेकेन, माती चाळून भिजत घालेन. नव्या मुलांची खोली तुझ्या मातीची होईल आणि वर्ष संपलं की तीही पडेल. "पुढच्या वर्षी" मी कुणालाही म्हणू देणार नाही. वचन.

अजून रागावलेली,
ताई