तुझा दास रामराव

अकोला,
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

प्रिय रामराव,

तुला माझा सलाम. तू नेहमीप्रमाणे 'जय गुरू' म्हणून तो परतवला आहेस, असं धरून पुढे लिहितो. मनकर्णा वहिनींना नमस्कार. आमचं इकडे बरं चाललं आहे. पावसाळाभर माझा गुडघा नुसता कुरकुरत होता, थंडी पडल्यापासून ओरडतो. पूर्वी जुन्या शहरातून पायी चर्चला जायचो, आता शालू स्कूटीवर सोडते. बापाला मागे बसवून पोरगी अशी गाडी हाणते की चर्चच्या दारापर्यंत माझी अर्धी उपासना होऊन जाते.

पत्राचं कारण तुला माहीत आहे. तू फोन उचलत नाहीस. म्हटलं, पोस्टमनला तरी तू दारातून परत पाठवणार नाहीस.

बंडू तुझा पुतण्या असला तरी माझ्याशी बोलतो, त्यावरून त्याला रागावू नकोस. त्यानेच सगळं सांगितलं. सोळा तारखेला आमचा हंगामाचा सण झाला. ज्याच्या शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं देवापुढे आणायचं आणि आणणाऱ्याचं नाव घेऊन चर्चच्या वडील मंडळींपैकी एकाने प्रार्थना करायची, ही आमची रीत तू कितीदा मागच्या बाकावर बसून पाहिलीस. तुझा कापूस यंदाही बंडूच्या हाती आला. वेचणीची पूजा करायच्या आधीच तू तो बाजूला काढून ठेवतोस, कारण पूजेतलं मला चालत नाही. घरी नैवेद्य दाखवण्याआधी वहिनी माझं ताट वेगळं वाढतात, तसंच. हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

तर मी कापसाची पिशवी समोर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणालो, "प्रभू, तुझा दास रामराव, त्याची बायको मनकर्णा, त्यांची काळी जमीन, यांना आशीर्वाद दे." आमच्या प्रार्थनेत ज्याचं नाव घ्यावं तो 'तुझा दास' होतो. पाळकसाहेब दास, कलेक्टर दास, गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचा डॉक्टरही दास होता, आणि तो तर जैन आहे. जिभेला वळण लागलेलं आहे. कोणी तेवढंच मोबाईलवर घेतलं, ते फिरत फिरत तुमच्या गावाच्या ग्रुपवर गेलं आणि खाली ओळ पडली, 'रामराव ख्रिस्ती झाले'.

मोबाईलवर कोणी घेतलं ते आत्ता विचारू नकोस.

बंडू म्हणतो, चार तारखेच्या गुरुवारी तुमच्या गावचं प्रार्थना मंडळ तुला विचारणार आहे. सामुदायिक प्रार्थनेत पुढे बसून प्रार्थना सांगण्याचा मान तुझ्याकडे ठेवायचा की काढायचा, ते त्या दिवशी ठरणार. त्या जागेची तुला किंमत काय आहे हे मला माहीत आहे. एसटीत ड्रायव्हर असताना मुक्कामी गाडी घेऊन मी तुमच्या गावात यायचो आणि तुझ्या ओसरीवर झोपायचो, तेव्हापासून पाहतो. तापाने फणफणलेला असलास तरी तू ती जागा चुकवली नाहीस.

मी येऊन खुलासा करू का? धर्मांतराच्या कायद्यावर आपण मागच्या दिवाळीत भांडलो, आठवतं? तू म्हणालास, कायदा हवा. मी म्हणालो, जबरदस्तीने किंवा लालूच दाखवून केलेला ख्रिस्ती मलाही नको आहे, तो माझ्या देवालाही नको आहे, पण माणसाने स्वतः ठरवलं तर त्याला चावडीवर का उभं करता? त्यावर तू म्हणालास, "हे मात्र तुयं बरोबर हाय." आता चावडीवर तूच उभा राहणार आहेस आणि तू तर काही ठरवलेलंही नाहीस. माझ्या जिभेमुळे हे झालं, याचा मला फार त्रास होतो आहे.

नको येऊ म्हणालास तर येणार नाही. पण तसं कळव तरी.

तुझ्या फोनची वाट पाहणारा,
भगवंत


अकोला,
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

प्रिय रामराव,

सलाम. सुखरूप पोचलो. वहिनींनी फडक्यात बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा बडनेऱ्याला स्टँडवर बसून खाल्ला. एक पोरगा ठेच्याकडे बघत होता, त्यालाही दिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलं. वहिनींना सांग, हात अजून तसाच आहे.

तुझं उत्तर आलं नाही, तरी मी आलो. याची माफी मागणार नाही. तू नको म्हणाला नव्हतास. शेवटची गाडी लागली होती म्हणून त्या दिवशी आपलं बोलणं झालं नाही. खरं म्हणजे गाडी उशिरा आली असती तरी मला बोलता आलं असतं असं नाही.

गुरुवारच्या सभेत तुमच्या मंडळातला तो तरुण कुंदन उभा राहिला तेव्हा मला आधी राग आला. मग ऐकत गेलो तसा उतरला. पोरगा वाईट नाही. गावाची त्याला खरोखर काळजी आहे, आवाजही चढवला नाही. तो मला म्हणाला, "काका, तुमच्या पनज्यानं दुष्काळात मिशनच्या ज्वारीपायी धर्म सोडला, हे खोटं हाय काय?" सगळे माझ्याकडे पाहायला लागले. तू मात्र जमिनीकडे पाहत होतास, माझी लाज वाटून की माझ्यासाठी वाईट वाटून, मला कळलं नाही.

मी त्याला काय म्हणालो ते घरी येऊन शालूला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही असं वऱ्हाडी बोललात सभेत?" म्हटलं, मग काय इंग्रजी बोलू? मी म्हणालो, "खरं हाय बाबू. ज्वारी खाल्ली माया पनज्यानं. पन दुष्काळ सरला, मिशनची ज्वारी बंद झाली, तरी तो वापस नाई गेला. पोटासाठी गेला असता तं पोट भरल्यावर आला असता. चार पिढ्या झाल्या, आमी अजून तिथंच हाओ." आणि हेही म्हणालो, "रामरावले मी येशू सांगत नाई, असं म्या म्हननार नाई. दर भेटीत सांगतो. हा मानला असता तं लपवलं असतं का मी? अमरावतीपासून बँड लावून आनला असता." तेव्हा मंडळातले म्हातारे नत्थुजी दात नसलेल्या तोंडाने एवढे मोठ्याने हसले की कुंदनलाही हसू आलं.

मग कुंदनने तुझ्याकडे एवढंच मागितलं. "तुमी फक्त म्हना काका, का या मानसाशी आपला आता संबंध नाई. बात खतम."

सोपं होतं रामराव. मला वाईट वाटलं नसतं असं नाही, पण मी समजून घेतलं असतं. पुढे मागे कधी तू अकोल्याला आला असतास, आपण चहा प्यालो असतो. मी शेवटच्या रांगेत बसून मनात म्हणत होतो, म्हण, म्हणून टाक.

तू काय बोललास ते तुला पुन्हा लिहितो. बोलणाऱ्याला आपलं बोलणं कसं ऐकू येतं कोण जाणे, मला मात्र ते जन्मभर पुरेल. तू म्हणालास, "याचा देव मी मानत नाई. मानून नाई राह्यलो, पुढचंही मले असं काई दिसत नाई. पन माया नावानं कोनी देवाजवळ चांगलं मांगत असन, तं मी त्याले नको म्हनू काहून? संबंध तुटत नाई. जागा पायजे तं घ्या."

आणि तू उठलास. पुढच्या आसनावरून उठून सगळ्यांमधून चालत मागे आलास आणि माझ्या शेजारी बसलास. मग नत्थुजींनी प्रार्थना सांगायला सुरुवात केली. त्यांचा सूर कुठे लागला होता ते देवालाच माहीत, पण तू शेवटच्या रांगेतून प्रत्येक ओळ पुढे बसल्यासारखीच म्हटलीस. मी नेहमीप्रमाणे मान खाली घालून येशूच्या नावाने माझी प्रार्थना केली. आपल्या दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

आता दोन गोष्टी, ज्या मी आधीच्या पत्रात लिहिल्या नाहीत.

पहिली, व्हिडिओ शालूने काढला होता. वाईट हेतूने नाही. तिला वाटलं, बाबांचा मित्र किती चांगला, दरवर्षी कापूस पाठवतो, सगळ्यांनी पाहावं. तिनेच आमच्या चर्चच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो सुटला. चार दिवस ती नीट जेवली नाही. ती तुला स्वतः फोन करणार आहे, तेव्हा तरी उचल. ती काका म्हणते तुला.

दुसरी लिहायला मला जड जातं. बंडूने जेव्हा ती ओळ मला वाचून दाखवली, 'रामराव ख्रिस्ती झाले', तेव्हा तुझ्यावर संकट आलं हे माझ्या मनात आधी आलं नाही. आधी आनंद झाला. क्षणभरच, पण एवढा मोठा की मी खुर्चीवरून उठलो. इतकी वर्षं ज्यासाठी गुडघे टेकले ते झालं, असं वाटलं. खोटं आहे हे कळल्यावरही तो आनंद लगेच गेला नाही. मित्र अडचणीत आणि मी खूश. दोन आठवडे हे घेऊन फिरत होतो.

तुला हे लिहिलं पाहिजे, कारण सगळे देव एकच असं मी तुला कधी म्हणालो नाही, आजही म्हणणार नाही. तारण येशूतच आहे असं मी मानतो आणि तू त्याच्याकडे यावंस असं मला मरेपर्यंत वाटणार. पण गुरुवारी जे पाहिलं त्याने मला एक गोष्ट कळली. तू मला बरं वाटावं म्हणून कधी 'हो' म्हणाला नाहीस आणि गावाला बरं वाटावं म्हणून 'नाही' म्हणाला नाहीस. असा माणूस माझा मित्र आहे, ही गोष्ट मी काल उपासनेनंतर चर्चच्या पायरीवर उभं राहून ज्याला त्याला सांगितली. पाळकसाहेब ऐकून म्हणाले, "भगवंतराव, अभिमान हे पाप आहे." म्हटलं, स्वतःचा असेल तर आहे.

त्या पाळकसाहेबांनी आणि कमिटीने एक ठरवलं आहे. दिवस बरे नाहीत, तेव्हा चर्चबाहेरच्या कोणाचंही नाव घेऊन यापुढे प्रार्थना करायची नाही. त्यांची भीती मला कळते, घाबरण्यासारखं घडतंही आहे. नाताळच्या उपासनेत प्रार्थना माझ्याकडे आहे. मी कमिटीला सांगितलं, रामरावचं नाव घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही, मीही ठरवायचं नाही. ते ज्याचं नाव आहे त्याला विचारतो.

म्हणून विचारतो. 'दास' म्हणणार नाही, तेवढं कबूल. नुसतं रामराव म्हणेन. तुझ्या गावातल्या जागेवर त्याचा आणखी परिणाम होत असेल आणि तू नको म्हणालास, तर मोठ्याने तुझं नाव घेणार नाही, शब्द देतो.

पण घरी, सकाळी, दार लावून जे नाव घेतो, त्याची परवानगी मी तुझ्याकडे मागत नाही. ते मी घेणारच.

तू बधला नाहीस, मीही थकलो नाही.

तुझा,
भगवंत