दुधातला सोडा

आबा, तुम्ही दुधात खायचा सोडा टाकत होतात, हे मला घरात नाही, कॉलेजच्या प्रयोगशाळेत कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी जंतुशास्त्र शिकवून रिटायरसुद्धा झाले, तरी तो दिवस आठवला की अजून राग येतो. मॅडमनी घरचं दूध आणायला सांगितलं होतं. दौलताबादहून शहरात रतीब घालायला निघालेल्या तुमच्या सायकलीच्या कॅनमधून मी बाटली भरून घेतली आणि मोठ्या ऐटीत नेली, आमच्या म्हशींचं दूध म्हणून!

टेबलावर दोन नळ्या होत्या. दुधातली साखर जंतू खातात, तिचं आम्ल करतात, म्हणून दूध आंबतं. पहिल्या नळीत ते आम्ल मोजायचं. दुसरीत निळ्या रंगाचे थेंब टाकायचे. जंतू जितके जास्त, तितका दुधातला ऑक्सिजन लवकर संपतो आणि निळं दूध पुन्हा पांढरं होतं. माझं बघता बघता पांढरं झालं, सगळ्यांच्या आधी. म्हणजे शिळं, जंतूंनी भरलेलं. पण आम्ल? ताज्या दुधाहूनही कमी! मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सोडा आम्ल मारतो, जंतू नाही मारत. हे दूध कुणाचं गं?" मी नळ्या धुवायला घेतल्या. त्यांच्याही घरी रतीब तुमचाच होता, आणि घरात तान्हं बाळ.

संध्याकाळी तुम्ही राखेनं कॅन घासत होतात. सोडा टाकता का, मी विचारलं. "कोण म्हंतं?" "दूधच म्हंतंय." "आता दूधबी बोलाया लागलं व्हय तुझ्या कॉलेजात?" हसलात, पण हात थांबला. मग चिडून म्हणालात, "माझी आय भज्यात सोडा टाकायची, मेलं का कुणी? रातचं दूध सकाळी उन्हातनं न्यायचं. फाटलं की गिऱ्हाईक दारात शिव्या देतंय. अन् लोक उकळून पितात की!" तान्ह्या लेकरांचं काय, मी म्हणाले. "बरं बाई, नाय टाकत. झालं?" माझा काडीचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना मी खरं सांगून टाकलं. त्यांनी रतीब तोडला. तुम्ही मला त्यावर एक शब्द बोलला नाहीत, आणि मला त्या गप्प बसण्याचाही संशय आला.

मग माझं डोकं आणखीच फिरलं. सकाळी धार काढली की तुम्ही आधी एक तांब्या झाकून बाजूला ठेवायचात, "ह्याला कुणी हात लावायचा नाय, हे माझ्या लेकीचं." मी त्याला लाड समजत होते. आता वाटलं, असं होय! म्हणजे माणसाला सगळं ठाऊक होतं. मी त्या तांब्यातलं दूध गुपचूप प्रयोगशाळेत नेलं, निळं टाकलं आणि नळीसमोर बसून राहिले. जेवणाची सुट्टी होऊन गेली, तरी रंग हलेना. इतकं निर्मळ दूध वर्गात कुणाचंच नव्हतं. लोकांच्या लेकरांना कॅनमधलं, अन् मला हे.

हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पेटीत? त्यानंतर तुम्ही होतात तोवर मी तुमच्याशी कधी सरळ तोंडानं बोलले नाही. पण आबा, त्या नळीसमोर मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. लई बरं वाटलं.