लाल शिक्का

आप्पा, काल वाचनालयात मी तुमच्यासारखी कपाटं मोजली. दारापासून भिंतीला हात लावत, तोंडातल्या तोंडात एक, दोन, तीन. पणजोबांच्या काळातली ती दगडी इमारत, तिथं मी कधी ठेचकाळलो नव्हतो. डॉक्टर म्हणतात, उजवा डोळा गेलाच, डाव्यात आहे ते टिकेल तेवढं टिकेल. घरात अजून बोललो नाही. तुमच्या ग्रंथपालाच्या जागेवर आता एक बाई बसतात. म्हणाल्या, "अण्णा, आता फोनवर ऐकायची पुस्तकं पण हाईत. लावून देऊ?" चांगल्या मनानंच विचारलं, पण मी घाईनं नको म्हणालो. यांना कळलं म्हणजे उद्या शहापूरभर होणार.

तुमची नजर गेल्याचं मला असंच, मोजण्यावरून कळलं होतं. मी वडगावात दुसऱ्याच्या मागावर विणायचो. धागा तुटला की आवाजावरून ओळखायचो. मागावरून सुटलो की तुमच्याकडं, वाचनालयात. पहिल्याच दिवशी तुम्ही ओरडलात, "थुंकी लावून पान उलटू नको रं! मागनं येणाऱ्यानं काय तुझी थुंकी वाचायची?" अख्खं टेबल हसलं. पुढं दोन-चार वर्षांत तुम्ही पुस्तक काढताना कपाटाचे खण मोजू लागलात. बाकीच्यांना वाटायचं, आप्पा नाव घेतायत देवाचं. मला आकडे ऐकू येत होते. नोकरी जाईल म्हणून तुम्ही लपवत होता. मी कुणाला सांगितलं नाही. साधून मात्र घेतलं.

काठ-पदरांच्या नक्ष्यांचं ते जाड पुस्तक. आत लाल शिक्का, म्हणजे तिथंच बसून बघायचं, घरी न्यायचं नाही. मी ते तुमच्यापुढं ठेवलं. तुम्ही वरून हात फिरवलात.

"लाल शिक्का न्हाय न्हवं रं?"

"न्हाय, आप्पा. कादंबरी हाय."

"लई जाड हाय की."

"लांबण लावलीया लिहिणाऱ्यानं."

तुम्ही हसलात आणि मी सांगितलं ते नाव वहीत लिहिलंत.

त्या नक्ष्यांवर माझा पहिला माग उभा राहिला, मग कारखाना. परवा तिथंच पुतण्यानं कागद पुढं केला. "काका, हितं सही." "कसला रं?" "नेहमीचाच, काका." मी कान लावून ऐकलं. खोटं बोलताना आवाज कापतो, असं मी कामगारांना सांगत आलोय. त्याचा कापला नाही. पण माझा तरी कुठं कापला होता, आप्पा? सही केली. कशावर, ते अजून ठाऊक नाही.

तुम्ही वारल्यावर तरी पुस्तक परत करायला हवं होतं. केलं नाही. आज घरच्या कपाटातून काढलं, खिडकीशी धरलं, तर शिक्का दिसेना. बोटानं चाचपला, शाई बोटाला कळत नाही. हे पत्रही जाड पेनानं लिहिलंय, ओळी एकमेकींवर चढल्या असतील. नीट उतरलंय का, ते कुणाकडून तरी वाचून घ्यायला हवं. पुतण्या बाहेरच बसलाय. दोनदा हाक मारायला गेलो, आणि दोन्ही वेळा पत्र त्या पुस्तकात सारलं.