तान्ह्याला कसला विटाळ?

पंचवटी, नाशिक

दीपमालाताई,

तुमची पुतणी बरी झाली. महिना झाला, दिशाला एकदाही जुलाब नाहीत. आता ती भाकरीच्या तुकड्यासाठी माझ्याशी भांडते.

ती सारखी आजारी पडायची, तेव्हा सासूबाई तुमच्यासमोर म्हणाल्या होत्या, "वांझेची दृष्ट लागली लेकराला." त्या दिवसापासून तुम्ही ओझरहून इकडे यायचं सोडलंत.

मागच्या वेळी सलाईन लावताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाळाची शी कोण काढतं?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या. "फडक्यानं पुसायची, गटारीत टाकायची आन् लागायचं पोरीला भरवायचा घाटा ढवळायला."

"हात साबणानं धुता?"

"तान्ह्याच्या शीला कसला आलाय विटाळ?"

"विटाळ नसेल आजी, पण जंतू असतात. हातावरून ते घाट्यात जातात आणि घाट्यातून तिच्या पोटात."

सासूबाईंनी घरी आल्या आल्या मोरीत साबण ठेवला. शी आता संडासातच जाते. हात धुताना एकदा पुटपुटल्या, "दृष्ट माझ्याच हाताची होती म्हणायची."

आत्ता त्यांनी विचारलं, "कुणाला लिहितीस?" मी तुमचं नाव घेतलं.

"ठेव तो कागद," त्या म्हणाल्या. "बोलले मी, मग माफी कागद कशाला मागंल? उद्या सकाळी ओझरची बस धरू. तिच्या मांडीवर मीच ठेवते पोरीला."

म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही, ताई; उद्या तुमच्या दाराखालून सरकवते. दार तेवढं उघडा.

तुमची धाकटी जाऊ,
उज्वला