टवळीचा मोडलेला पाय

ती. स्व. अक्कास,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नसल्यामुळे त्यातलं एक अंग कमी धरावं). कंबर कशी आहे? भाचेसून तेल लावून देते, की तूच हात मागे नेऊन नसती कसरत करतेस? इकडे माझं उत्तम चाललंय असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

पत्र अशासाठी की फोनवर तू "औषध घेतलंस का" विचारतेस आणि मी तोंड उघडेपर्यंत भाचा फोन काढून घेतो. तेवढ्यात टवळीचा विषय बसत नाही. (टवळी म्हणजे जिला तू रोज वाटीभर दूध घालायचीस आणि जिच्याबद्दल "माझी नव्हे हो ती, बाहेरची आहे" असं जगाला सांगायचीस, तीच मांजर.) तू लेकाकडे गेल्यापासून ती रोज सकाळी तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर उडी मारायची. खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा उडी. मी तिला परोपरीने समजावलं, पण माझं ऐकायची सवय या घरात कुणालाच कधी नव्हती. शेवटी गेल्या आठवड्यात ओल्या कठड्यावरून घसरून फरशीवर आपटली आणि मागचा पाय ओढत जिन्याखाली जाऊन बसली.

दूध ठेवलं, मासळी ठेवली, हात पुढे केला तो ओरबाडून घेतला. वरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "बाहेरची मांजरं आपोआप बरी होतात हो." मलाही क्षणभर ते सोयीचं वाटलं. पण तिचं कण्हणं कानावर येत होतं आणि दुरुस्तीला आलेल्या घड्याळाचा एक स्क्रू काही जागेवर बसेना. तेव्हा मी उशीचा अभ्रा हातात घेतला, जिन्यापाशी ओणवा झालो आणि चक्क तुझ्या आवाजात ओरडलो, "मेले, कुठं उलथली होतीस? ये, गिळ!" पहिल्यांदा किरटं झालं. दुसऱ्यांदा मात्र हुबेहूब. धाडधाड दारं उघडली. शिंपीणबाई गळ्यातली टेप तशीच घेऊन धावत खाली आल्या, "अक्का आल्या? कधी आल्या?" आणि पाहतात तो मी, ओणवा, हातात अभ्रा. टवळीही बाहेर आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. अक्का, त्या दोघींची तोंडं इतकी सारखी पडलेली मी कधी पाहिली नव्हती. तेवढ्यात अभ्रा टाकून तिला धरलं (टवळीला). पण खरं सांगू, तो आवाज ऐकून मीसुद्धा एकदा दाराकडे वळून पाहिलं. तू इथं हवी होतीस.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. म्हणाल्या, सळई घालून पाय जोडता येईल, पण मग दीडेक महिना पिंजऱ्यात कोंडून ठेवावी लागेल आणि बाहेरच्या मांजराला ते सोसत नाही. नाहीतर पाय काढून टाकू, तीन पायांवरही मजेत हिंडतात. मी म्हटलं, मांजर माझ्या बहिणीचं आहे. "मग त्यांना विचारा." तुला विचारावं तर तू म्हणणार, माझी नव्हे हो ती! आता आली का पंचाईत? मग मीच ठरवलं. तीन पायांवर हिंडेल खरी, पण तुझ्या खिडकीपर्यंत उडी पोचायची नाही. म्हणून पाय जोडायला सांगितला. सध्या मुक्काम माझ्या कामाच्या टेबलाशेजारी, पिंजऱ्यात, दाराकडे तोंड करून.

भाच्याला आशीर्वाद, भाचेसुनेला तेलाबद्दल आगाऊ आभार.

तुझा,
धाकटा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. ती अन्नाला तोंड लावत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, आजही खाल्लं नाही तर कठीण आहे. मी पुन्हा तुझी नक्कल करून पाहिली, ती पाठ फिरवून बसली. तेव्हा भाच्याला सांगून त्याच्या फोनवर दोन-चार शिव्या भर आणि ताबडतोब पाठवून दे. अस्सल हव्यात.

ता. क. पुन्हा. वरचं लिहून उठलो तर ताटली चाटूनपुसून साफ! वर मिशा पुसत माझ्याकडेच बघत होती. तेव्हा टवळीसाठी शिव्यांची गरज उरली नाही. तरीपण पाठव. फक्त "मेले"च्या जागी "मेल्या" म्हण. तू गेल्यापासून मला जेवण जात नाही.