दहावा आला की उघडते

५ एप्रिल २०२१, सोमवार

आले एकदाची! राजूरहून काळीपिवळीत मांडीवर लशीची निळी पेटी, पायाशी वळकटी आणि शेजारी एका आजोबांची शेळी. शेळीने माझ्या ओढणीचं टोक खाल्लं, तर आजोबांनी दोष ओढणीलाच दिला. हिवरगव्हाणचं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत मी. दारात कडुनिंब आहे आणि पंखा चालतो, हे मुद्दाम लिहून ठेवते. नोकरी कंत्राटीच, पण एक अख्खं गाव पहिल्यांदाच माझ्या हाती आलंय. जालन्याला आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, पाणी कुठलं पितेस?

इथल्या आशा सेविका म्हणजे वंदनाताई. जिभेवर साखर आणि पायाला भिंगरी. संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. म्हणाल्या, गाव लई गुणाचं हाये ज्योत्स्ना सिस्टर, फक्त सुईला भेतं. मी म्हटलं, सुईला तर मीही भिते, म्हणून तर दुसऱ्यांना टोचायची नोकरी धरली. पुष्कळ हसलो. मग शाळेतून दहा लाल खुर्च्या आणून भिंतीशी ओळीने लावल्या. एका बाटलीत दहा डोस, म्हणून खुर्च्या दहा.

८ एप्रिल, गुरुवार

पहिलं सत्र. निळी पेटी दिसली आणि गाव रानात पळालं. एक गडी कडब्याच्या गंजीत लपला होता, शिंक आली म्हणून सापडला. कोणी म्हणतं, ही लस घेतली की माणूस दोन वर्षांत जातो. कोणी म्हणतं, पोरबाळ होत नाही. साठीच्या बायकासुद्धा हेच म्हणतात, तेव्हा हसू आवरत नाही.

पण वंदनाताईंना आज रडू फुटलं. दारोदार सांगत फिरतात आणि त्यांचा नवरा कल्याणच लस घ्यायला तयार नाही. वय बावन्न, साखरेचा आजार. लोक तोंडावर म्हणतात, आधी घरच्या धन्याला टोच, मंग आमच्याकडं ये. ताई म्हणाल्या, मला बाकी काई नको सिस्टर, यांना तेवढी एक सुई द्या. मी शब्द दिला.

दिवसभरात आल्या त्या एकट्या चांगुणाबाई. वय बहात्तर, हातात काठी, पहिल्या खुर्चीवर ऐटीत बसल्या. त्यांना समजावलं, बाटली एकदा उघडली की चार तासांत दहाही डोस संपवावे लागतात. वरून सक्त ताकीद आहे, एक डोस वाया गेला तरी लेखी खुलासा. दहावा आला की उघडते. मान हलवून गेल्या बिचाऱ्या.

१२ एप्रिल, सोमवार

आज नऊ आले! चांगुणाबाई तर होत्याच. निवृत्त शिक्षक राजानंद सर आपल्या वस्तीतल्या चौघांना घेऊन आले, आणि त्या पाचांना बघून आणखी तिघं. नऊ खुर्च्या भरल्या. दहावीसाठी दोन वाजेपर्यंत वाट पाहिली.

कल्याण समोर कडुनिंबाखाली उभा होता. वंदनाताईंनी हात जोडले, राजानंद सर स्वतः उठून गेले. त्याने बिडी विझवली आणि शेताकडे चालायला लागला.

नऊ जणांना परत पाठवलं. गुरुवारी या म्हटलं. चांगुणाबाईंनी विचारलं, नऊ माणसं म्हंजे माणसं न्हाईत का? नियम सांगितला. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. वाया शून्य, शाब्बास म्हणाले.

१५ एप्रिल, गुरुवार

काल जयंती. मिरवणूक नाही, बंदी आहे. राजानंद सरांच्या घरी मेणबत्ती लावली, खीर खाल्ली. सरांना खोकला होता. धुळीचा असेल म्हणाले.

आज पेटी आलीच नाही. साठा संपला म्हणे. आठ जण आले आणि परत गेले. चांगुणाबाईंना ताप आहे.

२२ एप्रिल, गुरुवार

चांगुणाबाई परवा गेल्या. जालन्यात खाट मिळाली नाही, रिक्षातच गेल्या.

आज लस आली, पण एकही माणूस फिरकलं नाही. गावात बोलतात, म्हातारी दवाखान्यात गेल्ती, खुर्चीवर बसली आन् मेली. मी दारोदार सांगितलं, अहो, त्यांना टोचलंच नाही, टोचलं नाही म्हणून गेल्या. एका बाईने दार लावता लावता विचारलं, मंग का न्हाई टोचलं?

जेवले नाही.

२६ एप्रिल, सोमवार

हे लिहू की नको कळत नाही. सकाळी अकराला मागच्या खोलीतून पुढे आले, तर पहिल्या खुर्चीवर चांगुणाबाई. काठी मांडीवर आडवी. दाराकडे बघत होत्या, वाट बघावी तशा.

वंदनाताई आल्या आणि त्यांनी आपली पिशवी त्याच खुर्चीवर ठेवली. पिशवी चांगुणाबाईंच्या मांडीतून खाली गेली. ताईंना काही दिसलं नाही. झोप नाही, म्हणून होत असेल. दुपारपर्यंत त्या बसून होत्या.

३ मे, सोमवार

राजानंद सर गेले. त्या नऊंतले आणखी तिघं गेले. जे उरलेत, त्यांच्या दारात मी हात जोडून उभी राहिले. म्हटलं, एकटे या, चला आत्ता. दार उघडत नाहीत. त्या खुर्च्यांवर बसलेले मरतात, असंच आता गाव बोलतं.

आज पाच खुर्च्या भरल्यात. सर चौथीवर. मला बघून उठून उभे राहिले, शिक्षक वर्गात आल्यावर पोरं राहतात तसे. मला ओरडायचं होतं. मागच्या खोलीत जाऊन कडी लावली.

६ मे, गुरुवार

सात.

काल खुर्च्या उचलून शाळेत परत दिल्या. सकाळी उठले तर भिंतीशी ओळीने दहा. वंदनाताईंना विचारलं, तर म्हणाल्या, नेल्याच कुठं होत्या सिस्टर? आईने फोनवर सांगितलं, घरी ये. आले तर इथं कोण?

१० मे, सोमवार

नऊ. शेवटची बाई आज पहाटे गेली.

आता सगळे आहेत. बोलत नाहीत. माझ्याकडेही बघत नाहीत. दहाव्या खुर्चीकडे बघतात. मग दाराकडे. मग कडुनिंबाकडे.

कोणाची वाट बघतात ते मला माहीत आहे. तो सोमवार यांचा संपलेलाच नाही. दहावा बसला की —

वंदनाताईंना म्हटलं, कल्याणला राजूरला न्या, केदारखेड्याला न्या, कुठंही न्या, इथं आणू नका. त्यांना वाटलं, मी शब्द फिरवते. रागाने गेल्या. घरात चूल बंद केलीय त्यांनी. तुम्ही सुई घेईपर्यंत पेटवणार न्हाई, असं कल्याणला सांगितलंय.

१२ मे, बुधवार

तिसरा दिवस. ताई उपाशी. कल्याणही.

देवा, तो हट्टी राहू दे. नाही — काय लिहिते मी हे! लस तर त्याला मिळायलाच हवी. फक्त त्या खुर्चीवर नको.

१३ मे, गुरुवार

सकाळी दहा. एक बाटली आली आहे. नऊ जण बसलेत.

साडेदहा. कल्याण आला. वंदनाताई मागे. घामाने डबडबला होता. म्हणाला, हरलो बुवा, टोचा जल्दी. आणि दहावी खुर्ची ओढली —

मी किंचाळले. दंडाला धरून मागच्या खोलीत ओढला, ताईही मागोमाग आत आल्या. दार लावलं. उभ्यानेच बाही वर करायला लावली.

बाटली उघडली. एका माणसासाठी. अंगठ्याने झाकण दाबलं, टक् आवाज झाला, बस्स. इतकंच होतं. एवढंच करायचं होतं मला त्या दिवशी.

पुढच्या खोलीत खुर्च्या सरकल्या. सगळ्या एकदम.

कल्याणला टोचलं. दंड ऊन होता. रक्ताचा ठिपका आला. तो वाचेल. शब्द पाळला मी. वंदनाताई रडता रडता हसल्या, मग बाटलीकडे बघितलं. हळूच विचारलं, एकट्यासाठी बी उघडता येतं व्हय?

मी बाटली मुठीत झाकली. राजानंद सर त्यांचे शिक्षक होते.

दोघांना मागच्या दाराने बाहेर काढून कडुनिंबाखाली बसवलं. आत येऊ नका म्हटलं.

अकरा वाजून पाच. बाटलीत नऊ डोस आहेत. वेळ चार तास.

मधलं दार लावलेलं होतं. आता उघडं आहे.

रांग केलीय त्यांनी. धक्काबुक्की नाही, काही नाही. शहाण्यासारखे उभे आहेत. नऊच्या नऊ. आता माझ्याकडेच बघतायत.

चांगुणाबाई पुढे आल्या. पदर सारून दंड पुढे केला.

सुई भरली. आजी, मला तेव्हाच —

डाव्या हाताने दंड धरला. माती लागते हाताला. ओली. बोटं आत जातात, आत — निघत नाहीत — मागे सर बाही वर करतायत — आजी, सोडा, मी टोचते, सगळ्यांना टोचते, आधी माझा हात